विंगेटची साखळी आणि सावद्याचे शेतकरी

सातबारा उताऱ्यावर 'आकार' नावाचा एक रकाना असतो. त्यातील रकमेकडे आता कोणी फारसे पाहत नाही. जमिनीच्या आजच्या किमतीपुढे ती रक्कम हास्यास्पद वाटते. परंतु हा आकार, त्यामागील प्रतबंदी, सर्व्हे नंबर आणि त्या नंबरांच्या हद्दी ही सारी व्यवस्था ज्या दोघातिघांनी मुंबई इलाख्यात बसवली, त्यांत जॉर्ज विंगेट हा प्रमुख होता. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या जीवनावर इतका दीर्घ परिणाम करणारा दुसरा ब्रिटिश अधिकारी दाखवणे कठीण आहे. त्याच्या कामाचा हिशेब मांडताना मात्र खानदेशातील सावदा या गावाला वगळून चालणार नाही.

विंगेट १८१२ साली जन्मला आणि कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातील इंजिनिअर म्हणून हिंदुस्थानात आला. त्या वेळी पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने केलेली पैमाष सपशेल कोसळत होती. प्रिंगल हा अर्थशास्त्राचा अभ्यासू. शेताचे निव्वळ उत्पन्न काढावे आणि त्याचा ठराविक हिस्सा सरकारने घ्यावा, असा त्याचा हिशेब होता. कागदावर तो निर्दोष होता. प्रत्यक्षात मोजणी करणाऱ्या कारकुनांनी लाच खाऊन आकडे फिरवले, धान्याचे भाव पडले आणि वसुलीसाठी रयतेचा छळ सुरू झाला. गावेच्या गावे ओस पडू लागली. अनेक कुटुंबे निजामाच्या मुलखात निघून गेली.

ही घडी पुन्हा बसवण्याचे काम १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड या तरुण मुलकी अधिकाऱ्याने हाती घेतले आणि लेफ्टनंट विंगेट त्याच्या मदतीस आला. दोघेही तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचे होते. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा शोध सोडून दिला आणि जमिनीकडेच पाहिले. मातीचा रंग व पोत कसा, ती किती हात खोल, तीत चुनखडी, वाळू, उतार किंवा पाणी साचण्याचा दोष आहे काय, हे खणून पाहायचे आणि प्रत आण्यांत ठरवायची. सोळा आणे म्हणजे उत्तम. मग हवामान, बाजारपेठ आणि रस्ते पाहून गावांचे गट पाडायचे, गटाचा सर्वोच्च दर ठरवायचा आणि प्रतीप्रमाणे तो शेताशेतावर उतरवायचा. मोजणीसाठी तेहतीस फुटांची साखळी. तिचे सोळा भाग, प्रत्येकाला आणा हेच नाव. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. हिशेबाची ही सोय इतकी चपखल होती की मेट्रिक पद्धत येऊन कित्येक दशके लोटली तरी गावातला माणूस अजून गुंठ्यातच बोलतो.

इंदापुरात दर पुष्कळ खाली आणले आणि तीस वर्षे वाढवायचे नाहीत, असे वचन दिले. पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. पुढे विंगेटने दक्षिण महाराष्ट्रात, म्हणजे आजच्या कर्नाटकातील धारवाडच्या बाजूस, हीच पद्धत नेली. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांनी मिळून जो संयुक्त अहवाल लिहिला, तो इलाख्याच्या जमीन महसुलाचा पाया ठरला. शेतकऱ्याने स्वखर्चाने विहीर खोदली तर तिच्यामुळे वाढलेल्या उत्पन्नावर सारा चढवू नये, हे या पद्धतीचे एक तत्त्व होते. ते न्यायाचेही होते आणि शहाणपणाचेही.

इतकी यशस्वी पद्धत घेऊन विंगेट १८५२ साली खानदेशकडे वळला. जिल्ह्याच्या पैमाषीची योजना त्यानेच मांडली. तापी आणि सातपुडा यांच्यामधली सावद्याची जमीन काळी, खोल आणि कसदार. कापूस, गहू, हरभरा, जवस यांची ही बाजारपेठ. आठवडे बाजारात निमाड आणि वऱ्हाडातील जातिवंत गुरे विकायला येत. मोजणीदार येताच येथे दहा ते पंधरा हजार लोक गोळा झाले आणि मोजणी नको म्हणून ठाण मांडून बसले. आजही एखाद्या तालुक्यात एवढा जमाव उभा करणे सोपे नाही. लष्कराची तुकडी आली, पुढारी पकडले गेले, तेव्हा कोठे जमाव पांगला. त्यानंतर खानदेशात पैमाष झाली ती झालीच.

हे लोक अडाणी होते आणि आपले हित त्यांना कळले नाही, असे सरकारी कागदांच्या चष्म्यातून म्हणता येईल. मला ते पटत नाही. सावद्याच्या शेतकऱ्याला बिघा ठाऊक होता, गावाचा एकत्रित हिशेब ठाऊक होता, पाटील-देशमुखांशी घासाघीस करून सारा कमी करून घेण्याची वाट ठाऊक होती. या वाटेत अन्याय होता आणि वतनदारांचा स्वार्थही होता. जमावामागे त्यांची फूस नसेलच असे नाही. परंतु जमीन मोजणारा माणूस उद्या सारा वाढवतो, एवढा अनुभव त्या पिढीकडे नक्कीच होता. कसदार जमिनीच्या मालकाला प्रतबंदीची धास्ती वाटणे स्वाभाविकच होते, कारण सोळा आण्यांची प्रत त्याच्याच पदरात पडायची. इंदापूरच्या हलक्या जमिनीवर वरदान ठरलेली पद्धत सावद्याला तशीच भासेल, हे गृहीत धरण्यात चूक होती. दर काय लागणार हे साखळी पडण्यापूर्वी कोणी त्यांना समजावून सांगितले असते, तर लष्कर बोलवावे लागले असते काय?

विंगेट हा डोळे मिटून राज्य करणाऱ्यांपैकी नव्हता. त्याच १८५२ साली त्याने सरकारला वेगळाच इशारा दिला होता. नव्या पद्धतीने शेतकऱ्याला शेतावर पक्का, विकता येणारा हक्क मिळाला. तोच हक्क सावकाराला तारण म्हणून हवा होता. पूर्वी सावकाराला गावात राहून कुळाशी जुळवून घ्यावे लागे. आता दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मिळाला की त्याला कुळाची पर्वा उरली नव्हती. हे विंगेटने स्पष्टपणे लिहिले. सरकारने ते दप्तरी ठेवले. तेवीस वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली, तेव्हा चौकशी आयोगाला तो जुना इशारा आठवला. दरम्यान इंदापूरची तीस वर्षे संपून फेरआकारणीत दर चढले होते. वचन मोडले नव्हते. मुदत संपली होती, इतकेच.

निवृत्तीनंतर १८५९ साली विंगेटने हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यातील आर्थिक संबंधांवर पुस्तक लिहिले. एखाद्या देशातला कर त्याच देशात खर्च झाला तर तो कोणत्या ना कोणत्या रूपाने लोकांकडे परत येतो; परदेशी गेला तर तो गेलाच, हा त्यातील मुख्य विचार. पुढे दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी आपल्या युक्तिवादात त्याचा आधार घेतला. जी रक्कम समुद्रापार जात होती, ती गोळा करणारे यंत्र बिनचूक करण्यात त्याने उमेदीची वर्षे घालवली होती, ही विसंगती त्याला जाणवली असेलच. १८७९ साली तो वारला. सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी दख्खनचा कायदा झाला, तोही त्याच वर्षी.

आता शंकू-साखळी गेली. मोजणीदार उपग्रहांवरून स्थान घेणारा रोव्हर घेऊन बांधावर उभा राहतो आणि २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणे ड्रोनने मोजली जात आहेत. अचूकता सेंटिमीटरवर आली. परंतु केळीच्या बागेत दोन भावांचा बांधावरून वाद होतो, तेव्हा नोटिशीचा कागद वेळेवर पोचला काय, शेजारी हजर होता काय आणि खुणा कोणासमक्ष घातल्या, हेच प्रश्न निघतात. त्यांची उत्तरे यंत्राकडे नाहीत. भूमी अभिलेख कार्यालयाने दर मोजणीआधी गावात बसून, नकाशा उलगडून, काय मोजणार आणि त्याचा परिणाम काय होणार हे सांगण्याची प्रथा पाडावी. त्यात फार तर एक सकाळ जाईल. सावद्याला १८५२ साली ती सकाळ मिळाली नव्हती.