पाचगणीचा पियानो

झांजीबार बेटावरील एका पारशी कुटुंबात १९४६ साली जन्मलेले फरोख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने रॉक संगीतात जगप्रसिद्ध झाले. वडील सरकारी कचेरीत रोखपाल होते. त्यांनी आठ वर्षांच्या फरोखला शिक्षणासाठी समुद्रापार पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले. एवढ्या कोवळ्या वयात घर दुरावले! पुष्कळदा सुट्टीतही तो मुंबईस मावशीकडेच राही. मुलास संगीताचे अंग आहे, असे मुख्याध्यापकांनी कळविले, तेव्हा आईवडिलांनी जादा फी भरून त्याला पियानोची शिकवणी लावली. लवकरच सोबत्यांसह त्याने शाळेतच वाद्यवृंद उभारला. १९६४ साली झांजीबारात क्रांती झाली आणि हे कुटुंब इंग्लंडला गेले. फ्रेडी १९९१ साली निवर्तले. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे त्यांचे १९७५ सालचे गीत अवश्य ऐकावे. त्यातील पियानो त्यांनीच वाजविला आहे.