रॉजर स्टॅनियर

रॉजर येट स्टॅनियर (२२ ऑक्टोबर १९१६ – २९ जानेवारी १९८२) हे कॅनडात जन्मलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. मातीतील जीवाणू ॲरोमॅटिक संयुगांचे विघटन कोणत्या टप्प्यांनी करतात, हे शोधण्याची पद्धत त्यांनी मांडली. फिनॉल, बेंझिन यांसारख्या विषारी प्रदूषकांच्या जैविक विघटनाचे आजचे ज्ञान बऱ्याच अंशी या कार्यावर उभे आहे.

जीवन

स्टॅनियर यांचा जन्म ब्रिटिश कोलंबियातील व्हिक्टोरिया येथे झाला. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर ते कॅलिफोर्नियात सी. बी. व्हॅन नील यांचे विद्यार्थी झाले आणि १९४२ मध्ये त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. १९४७ ते १९७१ या काळात ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. १९५६ मध्ये त्यांचा विवाह सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जर्मेन कोहेन-बाझिर यांच्याशी झाला. १९७१ पासून अखेरपर्यंत त्यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत संशोधन केले.

ॲरोमॅटिक संयुगांवरील संशोधन

सहा कार्बन अणूंचे बेंझिन वलय रासायनिकदृष्ट्या फार स्थिर असते; त्यामुळे ते असलेली संयुगे सहजासहजी नष्ट होत नाहीत. तरीही स्यूडोमोनास प्रजातीतील अनेक जीवाणू केवळ अशा संयुगांवर वाढू शकतात. मात्र मधले पदार्थ तयार होताच वापरले जात असल्याने विघटनाचा क्रम ओळखणे अवघड होते.

१९४७ मध्ये स्टॅनियर यांनी त्यावर उपाय सुचवला. जीवाणू आवश्यक ती विकरे बहुधा गरज पडल्यावरच तयार करतात. एखाद्या संयुगावर वाढवलेल्या पेशींना दुसरा पदार्थ दिला आणि त्यांनी तो विलंब न लावता ऑक्सिजन घेऊन वापरला, तर तो पदार्थ विघटनमार्गावरील असण्याचा संभव असतो. वापर सुरू होण्यास वेळ लागला, तर तो बहुधा त्या मार्गावर नसतो. या पद्धतीने त्यांनी मँडेलिक आम्लाचे बेंझोइक आम्लात आणि पुढे कॅटेकॉलमध्ये होणारे रूपांतर अभ्यासले.

पुढील संशोधनातून व्यापक चित्र स्पष्ट झाले. बेंझिन, फिनॉल, नॅप्थॅलिन अशी भिन्न संयुगे अनेक जीवाणूंमध्ये प्रथम कॅटेकॉलमध्ये बदलतात. नंतर ऑक्सिजनच्या साहाय्याने वलय तुटते, बीटा-कीटोॲडिपिक आम्ल तयार होते आणि त्यापासून पेशीच्या नेहमीच्या चयापचयातील पदार्थ मिळतात. वनस्पतिजन्य संयुगांसाठी प्रोटोकॅटेच्युइक आम्लातून जाणारी समांतर शाखाही आहे.

पद्धतीच्या मर्यादा

या पद्धतीचे अपुरेपण स्टॅनियर यांच्याच प्रयोगशाळेतील कामातून पुढे आले. एखादा पदार्थ पेशीत शिरू शकला नाही, तर तो मार्गावर असूनही नसल्यासारखा भासे. शिवाय एल. एन. ऑर्नस्टन यांच्यासह १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासमालेत असे दिसले, की काही विकरांची निर्मिती त्यांच्या आधीच्या पदार्थामुळे नव्हे, तर पुढे बनणाऱ्या पदार्थामुळे सुरू होते. त्यामुळे मार्ग निश्चित करण्यासाठी शुद्ध केलेल्या विकरांचा प्रत्यक्ष अभ्यास आवश्यक ठरला.

इतर कार्य व महत्त्व

१९६६ मध्येच त्यांनी पॅलेरोनी व डूडोरॉफ यांच्यासह स्यूडोमोनास गटाचे सविस्तर वर्गीकरण प्रसिद्ध केले. नीलहरित शैवाल म्हणून ओळखले जाणारे सजीव जीवाणूच आहेत, हे प्रस्थापित करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. १९८१ मध्ये त्यांना लीवेनहूक पदक मिळाले. दूषित माती व सांडपाणी जीवाणूंकरवी शुद्ध करताना कोणता टप्पा अडला आहे, हे ओळखण्यासाठी त्यांनी उलगडलेला विघटनमार्ग आजही आधार ठरतो.