निवडून आले, पण संसदेबाहेरच!

माणसांसह मुलूख विकला जातो, तेव्हा त्या माणसांनी काय करायचे? १८६९ साली हडसन्स बे कंपनीने कॅनडाला तीन लाख पौंडांत अफाट प्रदेश देऊन टाकला. तिथे राहणाऱ्या मेती समाजाला, म्हणजे आदिवासी व युरोपीय वंशाच्या मिश्र समाजाला, कुणी विचारलेही नाही.

या समाजात १८४४ साली जन्मलेल्या लुई रिएल यांनी हंगामी सरकार उभारले. त्या सरकारने थॉमस स्कॉट या विरोधकाला गोळ्या घातल्या. ही चूक रिएल यांना जन्मभर भोवली. पण त्यांच्याच लढ्यातून १८७० चा मॅनिटोबा कायदा झाला. स्वतंत्र प्रांत, स्वतःचे विधिमंडळ, इंग्रजीबरोबर फ्रेंचलाही स्थान आणि मेती मुलांसाठी १४ लाख एकर जमीन मिळाली. कागदावर!

१८७३-७४ मध्ये जनतेने रिएल यांना तीनदा खासदार केले. अटकेची टांगती तलवार होती. एकदाही आसनावर बसता आले नाही. सभागृहाने हकालपट्टी केली, मतदारांनी पुन्हा निवडले. अखेर हद्दपारी.

१८८५ साली ते सस्कॅचेवानच्या मेतींसाठी लढले, हरले. ज्यूरीने दोषी ठरवूनही दयेची शिफारस केली. निर्णय मंत्रिमंडळाच्या हाती होता. पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांच्या सरकारने दया नाकारली. १६ नोव्हेंबरला फाशी झाली.

जमिनीचे वचन सरकारने नीट पाळले नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मान्य केले. २०२३ मध्ये मॅनिटोबाने रिएल यांना पहिल्या प्रीमियरचा मानद किताब दिला.

मत मिळाले म्हणजे सत्ता मिळाली असे नव्हे. कायद्यात आले म्हणजे पदरात पडले असेही नव्हे. अंमलबजावणी कुणाच्या हाती, हाच खरा प्रश्न!