शेतकऱ्याची बायको, सात लेकरांची आई : धन्यवादित व्हिक्टोरिया उल्मा



संतांच्या यादीत राण्या आहेत, मठाधिपती आहेत, विद्वान आहेत. सकाळी गोठा, दुपारी शेत आणि संध्याकाळी चूल सांभाळणारी लेकुरवाळी बाई मात्र त्या यादीत शोधावी लागते. संत इसिदोर हा शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत आपल्याला ठाऊक असतो. त्याची बायको मारिया हीसुद्धा संत आहे, हे किती जणांना माहीत असते? म्हणून आज एका शेतकरणीची ओळख करून देत आहोत. ती पोलंडची आहे. तिच्या सात मुलांपैकी शेवटच्याचे नावसुद्धा ठेवायला कोणी उरले नाही.

पोलंडच्या आग्नेय भागात वान्सुत शहराजवळ मार्कोवा नावाचे मोठे गाव आहे. तिथे १० डिसेंबर १९१२ रोजी व्हिक्टोरिया नेमचाक हिचा जन्म झाला. ती सहा वर्षांची असताना आई वारली. आईविना वाढलेल्या मुलीला घरकाम लवकर समजते, तसे तिलाही समजले. पण ती चूल-मुलापुरती राहिली नाही. शेजारच्या गाच गावात शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींसाठी लोकविद्यापीठ चालत असे. तिथे ती शिकायला गेली. गावच्या नाटकमंडळीतही ती होती, आणि नाताळच्या नाटकात तिने पवित्र मरियेची भूमिका केली होती.

७ जुलै १९३५ रोजी, २२ वर्षांची असताना, तिचे लग्न युझेफ उल्मा याच्याशी झाले. तो तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा होता. हा युझेफ म्हणजे अवलिया माणूस. शेती थोडी, पण डोके अखंड चालू. शेतकी शाळेत शिकून आल्यावर त्याने फळझाडांची रोपवाटिका काढली. मधमाश्या पाळल्या, रेशमाचे किडे पाळले, आणि १९३३ च्या शेती प्रदर्शनात त्याला त्यासाठी बक्षीसही मिळाले. पुस्तकांची बांधणी तो करी. घरच्या घरी छोटी पवनचक्की उभारून त्याने विजेचा दिवा लावला, तेव्हा गावात इतरांकडे रॉकेलचे कंदील होते. शिवाय फोटोग्राफीचा नाद. गावातली लग्ने, बाप्तिस्मे, म्हातारी माणसे, सगळ्यांचे फोटो त्याने काढले.

असल्या नवऱ्याचा संसार करणे सोपे नसते, हे आमच्या भगिनी मान्य करतील! व्हिक्टोरियाने तो आनंदाने केला असे आम्ही म्हणतो, ते युझेफच्या फोटोंवरून. त्यांत ती डोक्याला रुमाल बांधून उभी आहे, कडेवर एक, पायाशी दोन. एका फोटोत ती टेबलाशी बसून मुलीला लिहायला शिकवते आहे. हे फोटो कुणाला दाखवण्यासाठी सजवलेले नाहीत. बायको कामात आहे आणि नवऱ्याने कॅमेरा काढला, एवढेच.

स्तानिस्वावा १९३६ साली जन्मली, बार्बरा १९३७, व्वादिस्वाव १९३८, फ्रान्चिशेक १९४०, आन्तोनी १९४१ आणि मारिया १९४२. बहुतेक दरवर्षी पाळणा हलत होता. घर लाकडी, लहानसे, गावाच्या कडेला. मार्कोव्यात जमिनीचे तुकडे झालेले, म्हणून १९३८ मध्ये नवरा-बायकोने सोकालजवळच्या वोइस्वावित्से गावी ५ हेक्टर, म्हणजे सुमारे १२ एकर जमीन विकत घेतली. तिथे जाऊन मोठी शेती करायची असा बेत होता. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि तो बेत राहून गेला.

इथे थोडे विषयांतर. तो पूर्वेकडचा भाग सोव्हिएत सैन्याने घेतला. पूर्व पोलंडमधली हजारो पोलिश कुटुंबे सैबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार झाली. त्यांतूनच सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहिले. व्हिक्टोरिया मार्कोव्यात ज्या वर्षी जिवावर उदार होऊन पाहुणे सांभाळत होती, त्याच वर्षी तिच्या देशाच्या लेकी-बाळी पंचगंगेच्या काठी आसऱ्याला आल्या होत्या.

मार्कोवा जर्मनांच्या ताब्यात होते. ऑक्टोबर १९४१ पासून तिथे कायदा असा की, ज्यू माणसाला आसरा देणाऱ्याला मृत्यूची शिक्षा. १९४२ च्या उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत त्या भागातल्या ज्यूंची सरसकट कत्तल झाली. जे निसटले ते रानात, ओढ्याकाठी लपले. लपण्यासाठी खोदलेला एक खड्डा तयार करायला युझेफने हात लावला होता. तो जर्मनांना सापडला आणि आतली माणसे मारली गेली. म्हणजे काय होऊ शकते हे उल्मांच्या घरात कुणी सांगायला नको होते.

तरीही त्यांनी आठ माणसे घरात घेतली. वान्सुतचे गुरांचे व्यापारी शाऊल गोल्डमान आणि त्यांचे चार मुलगे. मार्कोव्यातल्याच शेजारच्या गोल्डमान घराण्यातल्या दोघी बहिणी, गोल्डा आणि लेया. आणि लेयाची लहान मुलगी. ही मंडळी माळ्यावर झोपत. युझेफबरोबर कातडी कमावण्याचे आणि लाकडाचे काम करत.

आता हिशेब घरच्या बाईच्या बाजूने मांडून पाहा. घरची आठ आणि वरची आठ, रोज सोळा तोंडे. जर्मन सरकारने शेतकऱ्यांवर धान्य, दूध, मांस यांची लेव्ही लावलेली, म्हणजे स्वतःच्याच शेतातले सगळे घरात येत नाही. धाकटी मारिया अंगावर पिणारी. गावाला संशय येऊ नये म्हणून सोळा जणांचे जेवण करायचे आणि आठ जणांचेच दिसू द्यायचे. लहान मुलांनी खेळताना कुठे बोलू नये हेही पाहायचे. आणि हे एक-दोन रात्री नव्हे, सुमारे दीड वर्ष. पुरुषांनी आसरा देण्याचा निर्णय एका क्षणी घेतला असेल. बाईला तो रोज सकाळी पीठ मळताना पुन्हा घ्यावा लागतो, असे आम्हाला वाटते.

सहा मुलांच्या आईने दुसऱ्याच्या मुलांसाठी आपली मुले धोक्यात घालावीत का, असा प्रश्न काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. तो झटकून टाकू नये. पण दार ठोठावणाऱ्यांतही एक आई होती, तिच्याही पदरात मूल होते, आणि ती शेजारीण होती. दार लावून घेतले असते तर व्हिक्टोरियाने आपल्या मुलांना रात्री कोणती प्रार्थना शिकवली असती? उल्मांच्या घरातल्या बायबलमध्ये चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याखाली लाल रेघ ओढलेली आढळली, आणि समासात होकाराचा एकच पोलिश शब्द लिहिलेला. हे बायबल आजही जपून ठेवले आहे.

कुणीतरी चुगली केली. वान्सुतच्या एका पोलिश पोलिसावर संशय आहे. गोल्डमान कुटुंबाने आपली मालमत्ता त्याच्याकडे ठेवायला दिली होती आणि ती त्याला परत करायची नव्हती. २४ मार्च १९४४ रोजी, देवदूताने मरियेला संदेश दिला त्या सणाच्या आदल्या दिवशी, उजाडण्यापूर्वी जर्मन जांदार्म घराशी आले. त्यांचा अधिकारी एलर्ट डीकेन होता. आधी ज्यूंना मारले, काहींना झोपेतच. मग युझेफ आणि व्हिक्टोरियाला घरासमोर उभे करून गोळ्या घातल्या. मुले रडू लागली. मुले उरली तर गावाला त्रास नको, असे म्हणत डीकेनने त्यांनाही मारायला लावले. सर्वांत मोठी स्तानिस्वावा सात वर्षांची होती. मारिया दीड वर्षाची. व्हिक्टोरियाचे दिवस भरले होते.

नंतर त्यांनी घर लुटले आणि दारू प्यायले. गावकऱ्यांना खड्डा खणायला लावला. काही दिवसांनी गावातल्या काही पुरुषांनी मनाई मोडून रात्री तो खड्डा उकरला आणि उल्मांचे देह शवपेट्यांत ठेवले. तेव्हा त्यांना दिसले की, व्हिक्टोरियाचे बाळ अर्धेअधिक जन्माला आलेले आहे. जानेवारी १९४५ मध्ये त्या पेट्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत नेण्यात आल्या.

एवढे होऊनही मार्कोव्यातल्या इतर शेतकऱ्यांनी आपल्या घरातल्या ज्यूंना बाहेर काढले नाही. किमान २० जण त्या गावात युद्ध संपेपर्यंत जिवंत राहिले. ज्या पोलिसावर संशय होता त्याला पोलिश भूमिगत चळवळीने त्याच वर्षी ठार केले. डीकेनला मात्र कधीच शिक्षा झाली नाही. तो युद्धानंतर जर्मनीत पोलीस खात्यातच नोकरी करत राहिला.

१९९५ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने युझेफ आणि व्हिक्टोरिया यांना राष्ट्रांमधील नीतिमान हा सन्मान दिला. २०१६ मध्ये मार्कोव्यात त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. युझेफच्या संग्रहातला ज्यू स्त्रियांचा एक फोटो असा आहे की, त्यावर त्या सकाळचे रक्ताचे थेंब वाळलेले आहेत.

१० सप्टेंबर २०२३ रोजी मार्कोव्यातच कार्डिनल मार्चेल्लो सेमेरारो यांनी पोप फ्रान्सिस यांच्या वतीने या कुटुंबाला धन्यवादित घोषित केले. आई, वडील आणि सातही मुले, संपूर्ण कुटुंब एकाच वेळी. सातव्या बाळाबद्दल व्हॅटिकनने काही दिवस आधी खुलासा केला होता की, ते आईच्या हौतात्म्याच्या क्षणी जन्मले आणि त्याला रक्ताचा बाप्तिस्मा मिळाला. त्याला नाव नाही, तरी धन्यवादितांच्या यादीत ते आहे.

रक्तसाक्ष्यांचा सण सहसा त्यांच्या मरणाच्या दिवशी असतो. उल्मा कुटुंबाचा सण ख्रिस्तसभेने ७ जुलैला ठेवला आहे, युझेफ आणि व्हिक्टोरिया यांच्या लग्नाच्या वाढदिवशी.