आइनस्टाइन यांच्या पोटातील फुगा
सापेक्षतावादाचे जनक अल्बर्ट आइनस्टाइन यांना पाइप ओढण्याचा शौक होता. वारंवार पोट दुखत असल्याने १९४८मध्ये न्यूयॉर्कला त्यांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा पोटातील महाधमनी फुग्यासारखी फुगलेली आढळली. फुगलेला भाग बदलण्याची शस्त्रक्रिया तेव्हा नव्हती, डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्याभोवती सेलोफेन गुंडाळले. त्यानंतर ते सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल १९५५मध्ये फुगा फुटला. शस्त्रक्रिया नाकारून १८ एप्रिलला, ७६व्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

आज हा फुगा साध्या सोनोग्राफीत दिसतो. जळगाव जामोद परिसरातील पासष्टी ओलांडलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांनी ती एकदा करावी. विडी सोडावी, रक्तदाब ताब्यात ठेवावा. पोटात किंवा पाठीत अचानक तीव्र कळ आल्यास तडक रुग्णालय गाठावे.