मेरी लायन आणि त्यांचें माउंट होल्योक

मुलींच्या शिक्षणास होणारा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न आपल्या घराघरांतून निघतो. मुलाची फी कर्ज काढूनहि भरतात. मुलीची पाळी आली म्हणजे मात्र हात आखडतो. हा प्रश्न आपल्याच देशांत आहे असें मात्र नाहीं. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील एका शेतकऱ्याच्या मुलीस तो पडला, आणि त्याचें उत्तर देण्यांत तिनें आपलें सर्व आयुष्य वेंचिलें. तिचें चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

मेरी लायन ह्यांचा जन्म ता. २८ फेब्रुवारी १७९७ रोजीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील बकलंड नांवाच्या डोंगराळ खेड्यांत झाला. त्या पांच वर्षांच्या असतांना वडील वारले. आईनें खडकाळ शेतावर कष्ट करून मुलें वाढविलीं. मेरी तेरा वर्षांची झाली तेव्हां आईनें पुनर्विवाह केला व ती दुसऱ्या गांवीं राहावयास गेली. मेरी थोरल्या भावाचें घर सांभाळण्यासाठीं शेतावरच राहिली. स्वयंपाक, सूत काढणें, विणणें, धुणें हीं सर्व कामें ती करी व भाऊ तिला आठवड्यास एक डॉलर देई. तो डॉलर ती शिक्षणासाठीं शिलकींत टाकीत असे.

१८१४ सालीं सतराव्या वर्षीं त्यांनीं शेजारच्या शेलबर्न फॉल्स येथें शाळा चालविण्याचें काम पत्करिलें. पगार आठवड्यास ७५ सेंट, आणि राहणें विद्यार्थ्यांच्या घरीं पाळीपाळीनें. त्यानंतरचीं कित्येक वर्षें एकाच क्रमानें गेलीं : कांहीं महिने शिकवावयाचें, पैसा सांठवावयाचा, आणि तो संपेपर्यंत शिकावयाचें. १८१७ सालीं ॲशफील्डच्या सँडरसन ॲकॅडमींत त्या दाखल झाल्या, तेव्हां जेवणाखाण्याच्या खर्चापोटीं त्यांनीं आपल्या हातचीं विणलेलीं पांघरुणें दिलीं. तेथें लॅटिन व्याकरणाचें पुस्तक त्यांनीं तीन-चार दिवसांत पाठ केलें असें सांगतात. १८२१ सालीं बायफील्ड येथें रेव्हरंड जोसेफ एमर्सन ह्यांच्या शाळेंत त्या गेल्या. स्त्रियांची बुद्धि पुरुषांच्या तोडीची आहे असें मानून शिकविणारा गुरु त्यांस तेथें भेटला. १८२५ सालीं त्यांनीं एमस ईटन ह्या शास्त्रज्ञाकडे रसायनशास्त्राचा अभ्यास केला. हा विषय त्यांस जन्मभर प्रिय राहिला, व पुढें मुख्याध्यापिका झाल्यावरहि त्या तो स्वतः शिकवीत.

पुढें झिल्पा ग्रँट ह्या मैत्रिणीबरोबर त्यांनीं डेरी व इप्सविच येथील कन्याशाळांत कित्येक वर्षें काम केलें. कामांत यश आलें, तथापि त्यांच्या मनास एक गोष्ट सलत होती. मुलांसाठीं हार्वर्डसारखें महाविद्यालय १६३६ पासून चालू होतें. त्याला इमारती, ग्रंथालय व कायमचा निधि होता. मुलींच्या शाळा मात्र एखाद्या बाईच्या उत्साहावर चालत व ती गेली कीं बंद पडत. शिवाय त्यांची फी इतकी असे कीं, श्रीमंतांच्याच मुलींना तेथें प्रवेश मिळे. ज्या थरांतून मेरी लायन स्वतः आल्या त्या शेतकरी व कारागीर वर्गाच्या मुलींनीं कोठें जावें? त्यांच्यासाठीं कायमची, स्वतःच्या मालकीच्या इमारतीची, विश्वस्तांच्या हातीं असलेली संस्था काढावयाची असा निश्चय करून १८३४ सालीं त्यांनीं इप्सविचची नोकरी सोडली.

त्या दिवसांत स्त्रीनें सभेंत बोलणें हेंहि अशोभनीय मानीत. मग गांवोगांव वर्गणी मागत फिरणें दूरच राहिलें! पुष्कळांनीं त्यांस नांवें ठेविलीं. परंतु हिरव्या मखमलीची पिशवी हातीं घेऊन त्या टपालाच्या घोडागाडीनें थंडींत-पावसांत फिरतच राहिल्या. आरंभीं इप्सविचच्या विद्यार्थिनींनीं, शिक्षिकांनीं व गृहिणींनीं मिळून सुमारें एक हजार डॉलर दिले. अखेर सुमारें ९० गांवांतील १८०० हून अधिक लोकांनीं मिळून २७,००० डॉलरच्या आसपास रक्कम दिली. त्यांत सहा सेंटांच्या देणग्याहि होत्या, आणि बाईंनीं त्यांची नोंद मोठ्या देणग्यांइतक्याच आदरानें ठेविली.

१८३६ सालच्या फेब्रुवारींत संस्थेस सरकारी सनद मिळाली व ३ ऑक्टोबर रोजीं साउथ हॅडली ह्या लहान गांवांत कोनशिला बसली. ता. ८ नोव्हेंबर १८३७ रोजीं माउंट होल्योक फीमेल सेमिनरी उघडली, तेव्हां चार मजली विटांच्या इमारतींत सुतारांचें काम चालूच होतें. मुली दाराशीं येऊन पोहोंचल्या, परंतु सामान आलें नव्हतें. विश्वस्त मंडळींतील प्रतिष्ठित गृहस्थ गुडघे टेकून जमिनीवर जाजमें ठोकीत होते! पहिल्या वर्षीं सुमारें ८० मुली आल्या. राहणें, जेवण व शिक्षण मिळून वर्षाची फी अवघी ६० डॉलर होती. पुढच्या वर्षींच जागेअभावीं शेंकडों अर्ज नाकारावे लागले.

फी इतकी कमी कशी ठेवतां आली, हें समजण्याजोगें आहे. संस्थेंत नोकर नव्हते. प्रत्येक मुलीनें रोज सुमारें एक तास घरकाम करावयाचें : कोणी भाकरी भाजी, कोणी टेबलें मांडी, कोणी भांडीं घाशी. श्रीमंताच्या मुलीस सूट नव्हती व गरिबाच्या मुलीस कमीपणा नव्हता. येथें स्वयंपाक शिकवितात असा लोकांचा समज झाला, तो बाईंनीं वारंवार खोडून काढिला. घरकाम शिकविणें हें आईचें काम, महाविद्यालयाचें नव्हे, असें त्यांचें मत होतें. येथें शिकावयाचें तें गणित, रसायन, वनस्पतिशास्त्र, इतिहास व तत्त्वज्ञान. आणि तेंहि परीक्षा देऊन.

ह्या संस्थेंतील दिनक्रम कसा होता, हें एका विद्यार्थिनीच्या हकीकतीवरून कळतें. १८४७ सालीं एमिली डिकिन्सन नांवाची सोळा वर्षांची मुलगी तेथें आली. पुढें ती अमेरिकेची थोर कवयित्री म्हणून जगास माहीत झाली. सकाळीं सहास उठणें, सातास न्याहरी, आठापासून अभ्यास, नवास सर्वांची प्रार्थना. नंतर वर्ग, दुपारीं व्यायाम, गायन व पियानो. साडेचारास दिवाणखान्यांत लायन बाईंचा उपदेश, सहास जेवण, आणि मग झोंपेच्या घंटेपर्यंत मौनानें अभ्यास. रोज दुपारीं प्रत्येकीनें आपल्या हातून मोडलेले नियम स्वतः सांगावयाचे असत : उशीर, गैरहजेरी, मौनाच्या वेळीं बोलणें. एमिलीच्या वांट्यास जेवणाच्या सुऱ्यांचें काम आलें होतें. सकाळीं व दुपारीं त्या उचलून नेणें आणि रात्रीं धुऊन पुसणें. शिवाय मुलींनीं रोज एक मैल चालण्याचा नियम होता, मग बर्फ पडो कीं ऊन.

येथें एक गोष्ट आम्ही लपवून ठेवूं इच्छीत नाहीं. लायन बाई अत्यंत श्रद्धाळू होत्या, व प्रत्येक मुलीनें आपला धर्मविश्वास उघडपणें कबूल करावा ह्यासाठीं तेथें फार आग्रह होई. मुलींची वर्गवारीहि त्यावरून केली जाई. एमिलीनें ती कबुली दिली नाहीं, आणि एका वर्षानंतर ती घरीं परतली. अंतःकरणाची गोष्ट घंटेच्या ठोक्यावर होत नसते, हें थोरामोठ्यांनाहि कधीं कधीं उमगत नाहीं. दुसरा आक्षेप पगाराचा. बाई स्वतः वर्षास २०० डॉलरच घेत व शिक्षिकांनींहि थोडक्यांत भागवावें असें त्यांस वाटे. शिक्षिकांना अशा रीतीनें स्वस्तांत राबविणें बरें नव्हे, असें कॅथरिन बीचर ह्या शिक्षणशास्त्रज्ञ बाईंनीं सांगितलें. आम्हांस हा आक्षेप योग्य वाटतो. परंतु दुसऱ्यास त्याग सांगण्यापूर्वीं लायन बाईंनीं तो स्वतः केला होता, हेंहि विसरतां कामा नये.

१८४९ सालच्या हिवाळ्यांत एका विद्यार्थिनीस धांवऱ्याचा विकार झाला. संसर्गाचें भय असतांहि बाई तिच्याजवळ गेल्या. मुलगी वांचली नाहीं. बाईंनाहि तेंच दुखणें जडलें, व ५ मार्च रोजीं बावन्न वर्षांच्या वयांत त्या निवर्तल्या. संस्थेच्या आवारांतच त्यांची समाधि आहे.

त्यांची इच्छा मात्र फळास आली. संस्थापिका गेली म्हणून संस्था बंद पडली नाहीं. १८९६ सालीं ती जुनी इमारत जळून खाक झाली, तरी काम थांबलें नाहीं. १८९३ पासून माउंट होल्योक कॉलेज ह्या नांवानें ती ओळखली जाते व आजहि चालू आहे. तेथील मुलींनीं दूरदूरच्या देशांत शाळा काढिल्या. फिडेलिया फिस्क ह्या १८४३ सालीं इराणांतील उरुमियेस गेल्या. १८७४ सालीं दक्षिण आफ्रिकेंत वेलिंग्टन येथें तशीच संस्था निघाली. आपल्या महाराष्ट्राशींहि तिचा धागा जुळलेला आहे. लायन बाईंची भाची ॲबिगेल मूर तेथेंच शिकून तेथेंच शिक्षिका झाली होती. रेव्हरंड एबेनेझर बर्जेस ह्यांच्याशीं विवाह करून ती १८४६ सालीं ह्या मराठी मुलखांत आली, आणि तिनें आपला देह येथेंच ठेविला. हेच बर्जेस साहेब पुढें सूर्यसिद्धांताचें इंग्रजी भाषांतर करून विद्वानांस परिचित झाले.

पालकहो, मेरी लायन ह्यांनीं जी फी ६० डॉलरवर आणिली ती दयेनें नव्हे, हिशेबानें आणिली. आणि हिशेब जमला तो सर्वांनीं काम वांटून घेतलें म्हणून. आपल्या घरींहि तोच हिशेब करून पाहा. घरकाम मुलाच्या व मुलीच्या वांट्यास सारखें येऊं द्या, म्हणजे अभ्यासाचा वेळहि दोघांस सारखा मिळेल. आणि विद्यार्थिनींनो, कोणाच्या तरी सहा सेंटांवर आपली वर्गखोली उभी आहे, हें पुस्तक उघडतांना ध्यानांत असूं द्या.