हरणांचा रोग आला कुठून? डॉ. बेथ विल्यम्स यांच्या शोधाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात एक निवृत्त शिक्षक दाखल झाले. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत घरचा सगळा हिशेब स्वतः लिहिणारा हा माणूस नातवंडांची नावे विसरू लागला होता. मग चालताना तोल जाऊ लागला, हातपाय दचकल्यासारखे उडू लागले. सगळ्या तपासण्यांअंती निदान झाले ते क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजाराचे, म्हणजे सीजेडीचे. या आजारावर इलाज नाही. चार महिन्यांत ते गेले. त्यांच्या मुलाला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती : हा आजार आला कुठून? खाण्यातून, पाण्यातून, की कधीकाळी घेतलेल्या एखाद्या इंजेक्शनातून? सीजेडीच्या शंभरातील साधारण ८५ रुग्णांत कोणतेच बाह्य कारण सापडत नाही. त्याला हवे होते कारण, माझ्याकडे होता फक्त आकडा.

याच कुळातला एक आजार हरणांना होतो. त्याच्याबद्दलही हाच प्रश्न अनेक दशके विचारला जातो आहे आणि वाद अजून मिटलेला नाही. त्या आजाराची खरी ओळख पहिल्यांदा ज्यांनी पटवली, त्या डॉ. एलिझाबेथ उर्फ बेथ विल्यम्स यांच्याविषयी आज लिहायचे आहे. वन्यप्राण्यांच्या वैद्यकात हे नाव जगभर आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे पोहोचलेले नाही.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्स या गावी. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या या गावात वन्यजीव खात्याचे एक संशोधन केंद्र होते. तिथे कुंपणाच्या आत म्यूल जातीची हरणे पाळून ती काय खातात, हिवाळ्यात कशी तगतात याचा अभ्यास चाले. म्यूल म्हणजे खेचर. या हरणांचे कान खेचरासारखे मोठे, म्हणून हे नाव. १९६७ पासून तिथली काही प्रौढ हरणे विचित्र आजारी पडू लागली. ती कळपापासून अलग राहत, मान खाली घालून उभी राहत, सारखे पाणी पीत, तोंडातून लाळ गाळत. चारा समोर असूनही त्यांचे वजन घटत जाई. काही दोन आठवड्यांत मरत, तर काही आठ महिने झिजत राहत. झिजत झिजत मरतात म्हणून या स्थितीला नाव पडले क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, थोडक्यात सीडब्ल्यूडी.

कारण मात्र कळेना. चाऱ्यात काही कमी पडते आहे का, विषबाधा आहे का, की रानातले जनावर कोंडल्याचा ताण आहे? शवविच्छेदनात पोट उघडले तर भरपूर पाणी, वाळू आणि खडे सापडत. हृदय, यकृत, फुप्फुसे यांत मृत्यूचा उलगडा होईल असे काही नसे. दहा वर्षे अशीच गेली.

१९७७ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातून पशुवैद्यकाची पदवी घेऊन बेथ विल्यम्स फोर्ट कॉलिन्सच्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी आल्या. तेव्हा त्या पंचविशीत होत्या. या हरणांच्या मेंदूचे पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा चेतापेशींत आणि त्यांच्या भोवतालच्या ऊतीत बारीक बारीक पोकळ्या दिसल्या. मेंदूचा स्पंज झाला होता. चेतासंस्थेच्या विकृतीचे जाणकार डॉ. स्टुअर्ट यंग यांच्या साथीने त्यांनी या खुणांचा अर्थ लावला. असे चित्र वैद्यकाला अनोळखी नव्हते. मेंढ्यांना होणारा स्क्रेपी हा रोग युरोपात अडीचशे वर्षांपासून माहीत होता. त्यातही मेंदू असाच दिसतो. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमधला कुरू आणि माणसातला सीजेडी हेही त्याच जातकुळीतले. हरणांत हे कोणी पाहिले नव्हते. चारा किंवा कोंडवाडा हे कारण नव्हतेच. हा मेंदूचा स्वतंत्र आजार होता.

१९८० मध्ये विल्यम्स आणि यंग यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात बारा वर्षांतल्या ५३ म्यूल हरणांची आणि एका काळ्या शेपटीच्या हरणाची नोंद होती. कोलोरॅडोबरोबरच शेजारच्या वायोमिंग राज्यातल्या बंदिस्त हरणांतही आजार आढळल्याचे त्यात होते. लवकरच आपल्या सांबराहून मोठ्या असलेल्या एल्क या हरणातही त्यांनी तो दाखवून दिला.

हा रोग कशामुळे होतो हे तेव्हा गूढच होते. १९८२ मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी प्रिऑनची कल्पना मांडली. आपल्या चेतापेशींवर एक प्रथिन नैसर्गिकरीत्याच असते. त्याची घडी चुकली की ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखेच वाकडे करते. ही साखळी वाढत जाते आणि पेशी मरतात. यात ना जिवाणू ना विषाणू. त्यामुळे ताप येत नाही आणि प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. शिजवल्याने किंवा नेहमीच्या जंतुनाशकांनीही हे प्रथिन नष्ट होत नाही. या कामासाठी प्रुसिनर यांना १९९७ मध्ये नोबेल मिळाले.

पीएच.डी. पूर्ण करून विल्यम्स वायोमिंग विद्यापीठात गेल्या आणि लॅरामी गावच्या पशुरोग प्रयोगशाळेत त्यांनी पुढचे सारे आयुष्य घालवले. त्यांचे पती टॉम थॉर्न वायोमिंगच्या वन्यजीव खात्यात पशुवैद्य होते. दोघांचे काम हरणांपुरते नव्हते. काळ्या पायांचे फेरेट हा मुंगसासारखा छोटा प्राणी नामशेष झाला असे मानले जात होते. १९८१ मध्ये वायोमिंगमध्ये एका कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणला, तेव्हा तो अजून तग धरून असल्याचे कळले. चार वर्षांनी तीच वसाहत झपाट्याने कोसळू लागली. त्यामागे कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार असल्याचे निदान करण्यात विल्यम्स यांचा मोठा वाटा होता. पैदाशीसाठी पकडलेले पहिले सहाही फेरेट याच आजाराने दगावले. अखेर शेवटचे १८ फेरेट पकडून त्यांची बंदिस्त पैदास केली गेली. आज रानात असलेले सगळे फेरेट त्यांच्यापासूनच वाढलेले आहेत.

आता मूळ वादाकडे येऊ. १९८१ मध्ये रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातल्या एका रानटी एल्कमध्ये सीडब्ल्यूडी सापडला. काही वर्षांत तो रानातल्या म्यूल हरणांतही दिसला. हे प्राणी सापडले ते संशोधन केंद्रांच्याच टापूत, ईशान्य कोलोरॅडो आणि आग्नेय वायोमिंगमध्ये. साहजिकच बोट केंद्रांकडे वळले. सरकारी कुंपणातच हा रोग जन्मला आणि तिथून रानात गेला, असे अनेकांनी ठामपणे म्हटले.

या आरोपाचा एक भाग मेंढ्यांशी जोडलेला आहे. स्क्रेपी झालेल्या मेंढ्यांचा हरणांशी संपर्क आला आणि रोगाने उडी मारली, ही पहिली शक्यता. तिला थोडा आधार आहे. पुढे प्रयोगात स्क्रेपीबाधित मेंदूचा अंश थेट हरणांच्या मेंदूत टोचला, तेव्हा त्यांना तसाच रोग झाला. पण टोचून रोग होतो म्हणजे रानातही तसाच झाला, असे सिद्ध होत नाही. दुसरी शक्यता अशी की माणसातल्या बहुतेक सीजेडीप्रमाणे एखाद्या हरणातच प्रथिनाची घडी आपोआप बिघडली आणि तिथून संसर्ग पसरला. तिसरी शक्यता बाण नेमका उलटा फिरवते. रोग रानात आधीपासूनच होता आणि रानातून पकडून आणलेल्या हरणांबरोबर तो केंद्रात आला. कुंपणाआड जनावरे रोज डोळ्यांसमोर असतात, म्हणून तो आधी तिथे दिसला. रानात मेलेले हरीण कोल्हे-गिधाडे दोन दिवसांत संपवतात. त्याचा मेंदू तपासणार कोण?

नकाशावर पाहिले तर तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. रोग केंद्रातून रानात गेला काय किंवा रानातून केंद्रात आला काय, ठिपके त्याच भागात पडणार. शिवाय तपास तिथेच होत होता, म्हणून सापडलाही तिथेच. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दीड-दोन वर्षे जातात. त्यामुळे मागे जाऊन पहिले हरीण शोधणे जवळजवळ अशक्य.

या वादात विल्यम्स यांची जागा नाजूक होती. ज्या केंद्रांवर बोट दाखवले जात होते, तिथल्याच हरणांवर त्यांनी काम केले होते. रोग रानातच होता असे म्हणून मोकळे होणे सोयीचे ठरले असते. पण आपले दीर्घकाळचे सहकारी मायकेल मिलर यांच्यासोबत लिहिलेल्या आढाव्यांत त्यांनी सगळ्या शक्यता मांडल्या आणि उगम अज्ञात आहे असेच नोंदवले. पुरावा जिथे थांबत होता तिथे त्याही थांबल्या.

मात्र उगम कळत नाही म्हणून त्यांनी काम थांबवले नाही. ज्याचे उत्तर मिळू शकते असा प्रश्न त्यांनी घेतला : रोग पसरतो कसा? फोर्ट कॉलिन्सच्या केंद्रात सगळी जनावरे मारून, माती उलटवून, क्लोरीनची फवारणी करून जागा काही काळ रिकामी ठेवली होती. तरी नव्याने आणलेल्या एल्कमध्ये रोग परत दिसला. मिलर, विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी यावर नेमका प्रयोग केला. एका कुंपणात रोगी हरणांचे मृतदेह सुमारे पावणेदोन वर्षांपूर्वी कुजले होते, तर दुसऱ्यात रोगी हरणे दोन वर्षांहून आधी राहून गेली होती. दोन्ही ठिकाणी सोडलेल्या निरोगी हरणांपैकी काहींना लागण झाली. म्हणजे रोगी जनावराशी गाठ पडलीच पाहिजे असे नाही. जमीनही रोग देते. हा निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी, २९ डिसेंबरच्या रात्री, फोर्ट कॉलिन्स आणि लॅरामी यांना जोडणाऱ्या बर्फाळ महामार्गावर रस्त्यात आडव्या झालेल्या ट्रकवर त्यांची गाडी आदळली. बेथ आणि टॉम दोघेही गेले. बेथ ५३ वर्षांच्या होत्या. वायोमिंगमधल्या सिबिल येथील वन्यजीव संशोधन केंद्राला आज या दोघांचे नाव आहे.

त्यांच्यानंतर रोग थांबला नाही. त्याआधीच पाळीव एल्कच्या व्यापारातून तो कॅनडात आणि तिथून दक्षिण कोरियात पोहोचला होता. आज अमेरिकेतल्या ३० हून अधिक राज्यांत तो आहे. २०१६ मध्ये नॉर्वेतल्या रानटी रेनडिअरमध्ये तो सापडला. ज्या भागात सापडला तिथला दोन हजारांहून अधिक रेनडिअरचा कळप सरकारने पूर्ण मारला. मग स्वीडन आणि फिनलंडमधल्या मूस हरणांतही तो दिसला. नॉर्वेतला प्रिऑन अमेरिकेतल्यापेक्षा वेगळ्या वाणाचा निघाला, म्हणजे तो अमेरिकेतून आला असण्याची शक्यता कमी. हरणांत हा रोग एकापेक्षा अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवू शकतो, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. कोलोरॅडोतल्या पहिल्या हरणाचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

माणसाला सीडब्ल्यूडी झाल्याचे एकही सिद्ध उदाहरण आजवर नाही. तरी ब्रिटनमध्ये गाईंचा असाच रोग मांसातून माणसात आला, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले, म्हणून सावधगिरी हवीच. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना कोणी शिकारीचे मांस दिले, तर ते हरीण बाधित भागातले आहे का आणि त्याची तपासणी झाली आहे का, हे विचारावे. रोग आढळलेल्या जनावराचे मांस खाऊ नये, कारण शिजवल्याने प्रिऑन मरत नाही. मेंदू आणि मज्जारज्जूला हात लावू नये.

त्या शिक्षकांच्या मुलाचा प्रश्न अजून माझ्या मनात आहे. तेव्हा मी आकडा सांगून गप्प बसलो होतो. आज सांगताना मी थोडा वेळ काढीन. आजार जिथे पहिल्यांदा दिसतो तिथेच तो जन्मतो असे नाही, हे सांगीन. त्याच्या वडिलांच्या बाबतीत कोणाची चूक सापडलेली नाही, हेही सांगीन. आणि कारण माहीत नाही, हे उत्तर देताना मान खाली घालणार नाही. बेथ विल्यम्स यांनी ते उत्तर वीस-बावीस वर्षे दिले, आणि दरम्यान जे शोधता येण्यासारखे होते ते शोधत राहिल्या.